सुट्टीत वाढणारं रोप

अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक अरुंद कपाट होतं. त्याला कुलूप नव्हतं, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं. होती ती तक्त्यांची एक जाडजूड गुंडाळी, जुन्या नाडीने करकचून बांधलेली. आधीच्या तुकडीने ती पुढच्या तुकडीच्या हवाली करायची, पुढचीने तिच्या पुढचीच्या, असा हा वारसा किती वर्षं चालला होता कोण जाणे. ज्या तक्त्यावर कुणाचा सराव पाठ पास झाला, त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने एक बारीक उभी रेघ मारायची, अशी पद्धत. 'आमचे आवडते खेळ' या तक्त्यामागे सतरा रेघा होत्या. पाच रंगांचे पाच खांब, कडेला सोनेरी पट्टी, आकडे इतके ठळक की शेवटच्या बाकावरून पेंगतानाही वाचता यावेत. सतरा जणींना तारणारा तक्ता अठरावीला बुडवेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अठरावी होती टेलरताई.

तुकडीत तिला सगळ्या टेलरताईच म्हणत. इथे येण्याआधी सात-आठ वर्षं तिने घरातल्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवलं होतं. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत गणवेशांचा ढीग पडायचा. पोरं स्टुलावर बसून आपल्या चड्डीची उसवलेली शिवण होईस्तोवर वाट बघायची, आणि वाट बघता बघता दप्तरातून वही काढून विचारायची, काकू, हे गणित कसं करायचं? पायाने मशीन आणि तोंडाने भागाकार असं करता करता तिच्या मनात शिक्षिका व्हायचं बी पडलं होतं. बाकीच्या मुली विशी-बाविशीतल्या, ही तिशीला टेकलेली, आणि घरी आठ महिन्यांची मुलगी. मधल्या सुट्टीत बाकीच्या चहाला जायच्या तेव्हा ही जिन्यात उभी राहून सासूबाईंना फोनवर विचारायची, दूध घेतलं का, झोपली का, शी झाली का. पहिल्या आठवड्यात मुली तिला हसल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच विचारायला लागल्या, ताई, आज मुंगीला शी झाली ना? मुंगी हे लेकीचं लाडाचं नाव. रांगता यायला लागल्यापासून जमिनीवर जे दिसेल ते ती आधी तोंडात घालायची, म्हणून.

तर टेलरताईने सतरा रेघांचा तो हुकमी तक्ता उचलला, शेजारच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गात टांगला, आणि छडीने एकेक खांब दाखवू लागली. मुलं माना डोलावत होती. मागच्या भिंतीला टेकून परीक्षक बसले होते, उंच, सडपातळ, खोकल्याची गोळी चघळत. सगळं तेलासारखं सरकत होतं. मग दुसऱ्या बाकावरची लांब वेणीची मुलगी उभी राहिली. तिने मनातल्या मनात पाचही खांबांची बेरीज केली होती.

"बाई, आम्ही अठ्ठावीसच आहोत," ती म्हणाली. "हे चाळीस कोण?"

टेलरताईने तक्त्याकडे पाहिलं. महिनाभर ती त्या तक्त्याबरोबर तयारी करत होती, पण बेरीज करायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "खाली बस," ती म्हणाली. मुलगी बसली. परीक्षकांची मान खाली गेली आणि पेन चालू लागलं. त्यानंतरची बावीस मिनिटं कशी गेली ते तिला आठवतसुद्धा नाही.

नापास.

विद्यालयाचा नियम साधा होता. प्रत्येक विषयाच्या पाठाला दोनदा संधी, दुसऱ्यांदाही गेला तर सगळं वर्ष पुन्हा. आणि पुन्हा वर्ष काढणं तिला शक्य नव्हतं. धाकट्या जावेला दिवस गेले होते आणि वर्ष संपलं की सासूबाई तिकडे जाणार होत्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे एक वर्ष तुझं, पुढचं तिचं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मुंगीला सांभाळायला पुढच्या वर्षी घरात दुसरं कुणी नव्हतं; शाळेत नोकरी लागली तर तिला तिथल्या पाळणाघरात नेता आलं असतं, विद्यालयात नाही. म्हणजे आता हातात उरली होती पस्तीस मिनिटं, एका पाठाची. त्यावर ठरणार होतं, फळा की पुन्हा मशीन. मशीनवर तिचा राग नव्हता, पण चादर टाकून ठेवलेलं ते मशीन आताशा येता-जाता तिच्याकडे 'बघू या हं' अशा नजरेने बघायचं.

आलेख शिकवायला त्यांना एक मॅडम होत्या. ठेंगण्या, हलक्या आवाजाच्या, केसांत कायम खडूची भुकटी. झाला प्रकार त्यांच्या कानावर गेला तेव्हा टेलरताईला वाटलं, आता आपली धडगत नाही. मॅडमनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या कपाटातली ती गुंडाळीच बगलेत मारून वर्गात आल्या, नाडी सोडली, आणि प्रत्येकीला एकेक तक्ता वाटून म्हणाल्या की खांबांची बेरीज करा. कुणाची चाळीस आली, कुणाची पन्नास, दोघींची तर बरोब्बर शंभर.

मॅडमनी विचारलं की आसपासच्या कुठल्या शाळेत बरोब्बर चाळीस किंवा शंभर मुलांचा वर्ग आहे? मग हे खेळ नेमके आवडतात तरी कुणाला, असं त्यांनी विचारल्यावर मागून एकजण हळूच म्हणाली, "तक्त्याला." सगळा वर्ग फिस्सकन हसला, मॅडमही हसल्या. टेलरताईला पहिल्यांदाच वाटलं की आपण एकट्या तोंडघशी पडलो नाही, सतरा जणी आपल्याआधी पडल्या होत्या, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग मॅडमनी गृहपाठ दिला. सोमवारी प्रत्येकीने आपल्या घरातला एक आलेख आणायचा. आकडे स्वतः मोजलेले किंवा घरात नोंदवलेले हवेत. शेजारणीकडून साखर उसनी आणा, त्या म्हणाल्या, आकडे आणू नका.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा नवरा हात धूत होता. तो बस आगारात मेकॅनिक, नखांतलं काळं निघता निघत नसे. त्याने सुचवलं की आई दिवसातून किती वेळा ओरडते ते मोज, फक्त कागद मोठा घे. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला की आधी तुझ्या घोरण्याचा काढ म्हणावं, त्याला भिंतही पुरणार नाही. मुंगी दोघांच्या मध्ये रांगत होती आणि तिच्या मुठीत एक बटण होतं. बटण काढून घेताना टेलरताईला दवाखान्याची वही आठवली.

मुंगीच्या जन्मापासूनची वजनं त्या वहीत नर्सने लिहिलेली होती, तारखेसकट. पण ती वही कधी कुणी वाचत नसे. नर्स लिहायची, ही पिशवीत टाकायची. रविवारी दुपारी मुंगी झोपल्यावर तिने कापड बेतायचा खाकी कागद अंथरला, टेलरचा खडू घेतला आणि आडव्या रेघेवर सारख्या अंतराने खुणा केल्या, वहीतल्या एकेका नोंदीला एकेक. हात सराईत होता, खुणा छापल्यासारख्या आल्या. प्रत्येक खुणेवर वजनाचं टिंब दिलं, टिंबं जोडली.

रेघ सुरुवातीला झपझप वर चढली, मग जरा सावकाश, आणि शेवटच्या चार नोंदींत जवळजवळ आडवीच पडली.

हेच आकडे वहीत होते, तिने ते पाहिलेही होते. वहीत ते गपगुमान बसले होते, आणि इथे रेघ ओरडून सांगत होती. सासूबाई चष्मा लावून कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, पोरगी वाळलीये?" नवऱ्याने पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की चढावर इंजिन बसल्यासारखं दिसतंय. मग बायकोचा चेहरा बघून त्याने जीभ चावली आणि उगाचच दूध तापवायला गेला. त्या दिवशी टेलरताईने झोपलेल्या मुंगीचे दंड तीन वेळा चाचपून पाहिले. सात महिन्यांची असताना तिला ताप आला होता, तो उतरला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. तापाने आत काही बिघडवून ठेवलं असेल तर? आणि आपण इथे दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला निघालोय.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांचे आलेख भिंतीवर लावले. प्रत्येकीने प्रत्येक आलेखापुढे उभं राहायचं आणि सांगायचं, काय दिसतं, काय विचारावंसं वाटतं, आणि काय दिसत नाही. टेलरताईच्या कागदापुढे मुली आल्या. एकीने दबक्या आवाजात विचारलं की ताई, मुंगी आजारी आहे का? टेलरताई म्हणाली की उद्या रजा टाकून डॉक्टरकडे नेतेय.

मॅडम कागदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पहिल्या दोन टिंबांवर बोट ठेवलं आणि विचारलं की या दोहोंमध्ये किती दिवस आहेत? टेलरताईने वही उघडून सांगितलं, महिना. बोट शेवटच्या दोन टिंबांवर आलं. आणि यांच्यात?

"आठवडा," ती म्हणाली. ताप येऊन गेल्यावर नर्सने दर गुरुवारी बोलावलं होतं.

एवढं बोलून ती थांबली. मॅडमही थांबल्या. मग मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत टेप असेल ना?"

टेप तिच्या पिशवीत कायमच असायची, सवयच ती. मॅडमनी ती भिंतीवर धरली आणि एवढंच विचारलं, "याच्यावरचा एक इंच कधी मोठा, कधी छोटा असतो का हो?"

आठ वर्षं तिने टेप गळ्यात घालून काढली होती. इंच सैल पडला तर बाही कशी खांद्यावरून लोंबते हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तिने कागद भिंतीवरून उतरवला, बाकावर उलटा पसरला आणि पुन्हा खुणा करायला घेतल्या, महिन्याला चार चौकटी, आठवड्याला एक. शेवटची चार टिंबं एकमेकांना खेटून बसली. रेघ ओढली. आडवं पडलेलं शेपूट उचललं गेलं. आधीच्या महिन्यात जेवढा चढ होता तेवढाच चढ पुढेही होता, ना कमी ना जास्त. मुंगी आपल्या मुंगीच्या पावलांनी चाललीच होती.

टेलरताई हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मॅडम म्हणाल्या की आकडे सगळे खरे होते, टिंबंही बरोबर होती, चूक मधल्या जागेत होती. तरी गुरुवारी नर्सला दाखवाच, हेही त्यांनी बजावलं. गुरुवारी नर्सने मुंगीला ताजव्यात ठेवलं, वहीत लिहिलं आणि म्हणाली की छान आहे, अशीच चालू दे. सासूबाईंनी मात्र माघार घेतली नाही. वाळली नाही हे ठीक, त्या म्हणाल्या, पण सुटलीही नाही.

एक गोष्ट तिच्या मनात राहिली होती, ती तिने नंतर जिन्यात मॅडमना विचारली. चूक त्यांना लांबूनच दिसली असणार. मग लगेच का नाही सांगितली? तिला इतका घाम का फोडला?

"सांगितली असती तर तुम्ही वहीत लिहून घेतली असती," मॅडम म्हणाल्या. "वहीत आधीच पुष्कळ आहे."

दुसऱ्या पाठासाठी तिने कपाटाकडे पाहिलंही नाही. पाचवीच्या त्याच वर्गाच्या खिडकीत तिने काचेच्या बरणीत कापूस घातला, त्यावर घेवड्याचं बी ठेवलं आणि मुलांना सांगितलं की कोंब वर आला की रोज शाळा भरल्यावर पट्टीने मोजायचा आणि लिहायचा. आकडे मुलांचे, मोजणारी मुलं, पाठाच्या टाचणात तिने लिहिलं की आलेखही फळ्यावर मुलंच काढतील. टाचण वाचून तुकडीतल्या मुलींनी कपाळाला हात लावला. फळ्यावर चूक राहिली की दोन गुण वजा, हे सगळ्यांना पाठ होतं. पोरांच्या हातात खडू देणं म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा. चूक दिसली की पुसायची, तिच्याविषयी बोलायचं नाही, ही शिकवणसुद्धा त्या गुंडाळीबरोबर वारशानेच आली होती.

पाठाच्या दिवशी मागच्या भिंतीला तेच परीक्षक होते. शेजारी मॅडम, पण नियमाप्रमाणे त्यांनी तोंड उघडायचं नव्हतं. दुसऱ्या बाकावर लांब वेणी होती. टेलरताईने त्या बाजूला बघायचं टाळलं.

आठ दिवसांची मापं मुलांच्या वहीत होती. सोमवारी दोन सेंटीमीटर, मग तीन, चार, सहा, शुक्रवारी सात. पुढच्या सोमवारी बारा, मंगळवारी चौदा, बुधवारी पंधरा. उभ्या रेघेवर सेंटीमीटर लिहून झाले. आडव्या रेघेवर वार लिहायला खिडकीशेजारचा एक मुलगा उठला, शर्टाचं एक बटण तुटलेला. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, तो एकेका चौकटीखाली लिहीत गेला, आणि शुक्रला खेटून त्याने लिहिलं, सोम.

टेलरताईला ते दिसलं. तीच चूक. तिचीच. खाकी कागदावरून उठून इथे फळ्यावर येऊन बसलेली. शनिवार-रविवार शाळा नसते, हजेरीत ते वार नसतात, वहीत नसतात, म्हणून फळ्यावरही नव्हते. शाळेच्या जगात शुक्रवारनंतर सोमवारच येतो. 'बाळा, मध्ये दोन चौकटी सोड,' एवढंच म्हटलं की काम झालं. डस्टर हाताशीच होतं, तिने ते उचललंही. मागे परीक्षकांच्या गोळीच्या कागदाची चुरचुर थांबली होती, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललंय.

मुंगीच्या आलेखापुढची ती थांबलेली मिनिटं तिला आठवली. तिने डस्टर खाली ठेवलं.

मुलांनी टिंबं दिली, पट्टीने जोडली. रेघ शुक्रवारपर्यंत पायऱ्या चढावी तशी गेली आणि तिथून सोमवारवर तिने एकदम उडी घेतली. काय दिसतं, टेलरताईने विचारलं. तुटक्या बटणाचा मुलगा आनंदाने म्हणाला की रोप सुट्टीत जास्त वाढतं. आपण रोज मोजतो म्हणून ते लाजतं, असं एकीचं म्हणणं पडलं. तिसऱ्याला खात्री होती की शिपाईमामा गुपचूप खत घालतात. वर्ग खिदळत होता. परीक्षक लिहीत होते. घड्याळात नऊ मिनिटं उरली होती.

खरं कसं कळणार, तिने विचारलं. मामांना विचारू, मुलं म्हणाली. दोघेजण धावत गेले आणि शिपायाला घेऊन आले. तो दारातच उभा राहिला, किल्ल्यांचा जुडगा हातात, परीक्षकांना बघून बिचकलेला. खताचं नाव काढताच त्याने कानाला हात लावले.

"मी फक्त पाणी घातलं," तो म्हणाला. "शनिवारी घातलं, रविवारी घातलं. दुसरं काही केलं असेल तर शपथ."

मुलांचा विरस झाला. कुणी म्हणालं की मग पाण्यातच काहीतरी असणार. तीन मिनिटं. दोन. टेलरताईने आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. कुणालाच दिसत नव्हतं. आणि घंटा झाली.

घंटा झाली की पाठ संपला. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. फळ्यावर रोप अजून उडी मारत होतं, आणि आता ते तसंच राहणार होतं. वजा दोन, टेलरताईच्या मनात आलं, आणि पुढचंही आलं, पुन्हा एक वर्ष, आणि ते वर्ष आपल्या हातात नाही. मुलं बाकांवरून उठू लागली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई."

वेणीवाली उभी होती. कपाळावर आठी. गेल्या वेळी याच आवाजाला तिने खाली बसवलं होतं.

"बोल," टेलरताई म्हणाली. "नाही, थांब. इथे ये, फळ्याजवळ."

मुलगी आली. तिने शुक्र आणि सोमच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं.

"मामांनी दोन दिवस पाणी घातलं," ती म्हणाली. "ते दोन दिवस इथे कुठे आहेत?"

उठलेली मुलं जागच्या जागी थांबली. तुटक्या बटणाचा मुलगा आपण लिहिलेल्या वारांकडे बघत राहिला, मग कपाळावर हात मारून स्वतःच पुढे आला. दोघांनी शेवटची तीन टिंबं पुसली, दोन चौकटी रिकाम्या सोडल्या, त्यांच्याखाली शनि आणि रवि लिहिलं आणि टिंबं पुन्हा दिली. उडी नाहीशी झाली. रोप आपलं रोजच्यासारखं चढत होतं. वर्गातून एक लांबलचक 'हात्तिच्या' आलं, पण कुणी दप्तर उचललं नाही. उलट त्या मुलाने नवीनच शंका काढली. शनिवारी रोप किती होतं ते कुणी मोजलं नाही, मग रेघ तिथून गेली कशी?

याचं उत्तर टाचणात नव्हतं. टेलरताई म्हणाली की शिवताना आधी कच्चा टाका घालतात, पक्का नव्हे, नुसतं कापड धरून ठेवायला, तशी रेघ तिथे काढू या. जे पाहिलं तिथे टिंब. जे पाहिलं नाही, नुसता अंदाज आहे, तिथे तुटक. मुलाने शुक्रवार ते सोमवार कच्चा टाका घातला, जीभ बाहेर काढून, एकेक करत.

मुलं गेल्यावर परीक्षक पुढे आले. एवढा वेळ ते उभेच होते हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी फळा नीट पाहिला आणि विचारलं की चूक तुम्हाला केव्हा दिसली. दुसरा सोम लिहिला तेव्हाच, ती म्हणाली. मग थांबवलं का नाहीत?

टेलरताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "थांबवलं असतं तर त्याने माझं ऐकलं असतं, साहेब. बघितलं नसतं."

"आणि कुणालाच दिसली नसती तर?"

"तर उद्या परत आले असते. पास झाले नसते तरी आले असते. तशीच ठेवून कशी जाणार?"

परीक्षकांनी खिशातून एक गोळी काढली, कागद सोडवला. मग म्हणाले की गेल्या वेळी चाळीस खेळाडूंसाठी तुम्हाला नापास केलं असं तुम्हाला वाटत असेल. "तसं नाही. चाळीस मी सतरा वेळा पाहिलेत. त्या मुलीला तुम्ही खाली बसवलंत, ते मी लिहिलं होतं."

त्यांनी कागद तिच्यापुढे सहीला सरकवला. एका रकान्यात लिहिलं होतं, फळ्यावर चूक, वजा दोन. नियम म्हणजे नियम. खालच्या रकान्यातला शब्द वाचायला तिला वेळ लागला, कारण अक्षरं हलत होती. उत्तीर्ण. मॅडम मागून म्हणाल्या की सही त्या चौकटीत करा, बाहेर जातेय.

विद्यालयात परतल्यावर मुलींनी तिला कपाटापाशी गाठलं. रेघ मारायला हवी होती. पण कशामागे मारणार? तिचा तक्ता फळ्यावर होता आणि एव्हाना पुढच्या तासाच्या बाईंनी तो पुसलाही असेल. मुलींनी थोडी खलबतं केली आणि पेन्सिल परत ठेवून दिली.

घरी दारामागे खाकी कागद लटकत होता. त्यावर एक नवीन टिंब होतं, जरा वाकडंतिकडं, पण बरोबर चौकटीत. आज गुरुवार. ती पाठाला गेली म्हणून सासूबाई मुंगीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या आणि येऊन त्यांनी टेलरच्या खडूने स्वतःच टिंब दिलं होतं. पाठाचं सांगून होईपर्यंत त्यांनी मुंगीचं तोंड पुसायचं सोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आता हिला शाळेत न्यायचीस तू. बरं झालं, माझी सुटका." आणि मान फिरवून त्यांनी मुंगीच्या बोटांतून चिंधीचा तुकडा सोडवायला घेतला, बराच वेळ लावून.

मग जेवणाची पानं घेता घेता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की असा एक कागद कोरा करून देशील का, धाकटीकडे न्यायला. टिंबं मी देईन, त्या म्हणाल्या, खुणा तेवढ्या तू कर, माझा हात हलतो.

जेवण झाल्यावर टेलरताईने मशीनवरची चादर काढली, कारण घरातली सपाट जागा तेवढीच. खाकी कागद पसरला, टेप लावली, आणि अजून न जन्मलेल्या त्या बाळाचे आठवडे आखायला बसली. सगळे सारखे, एकही सैल नाही. मुंगी तिच्या पायाशी येऊन उभी राहायची धडपड करत होती, मशीनचा पाय धरून.